बिनवंगणाच्या बारागाड्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले होते आणि भिकन आबा पारापुढं गाडीच्या चाकाला वंगण देत बसले होते. एरंडेलात भिजवलेली चिंधी बोटानं चाकाच्या मधल्या तुंब्यात कोंबायची, चाक हातानं फिरवायचं, ते किंचाळलं की आणखी एक चिंधी. अशी चोवीस चाकं. आमच्या निंबखेड्यात आता बैलजोड्या चारच उरल्यात, पण लाकडी गाड्या मोजून बारा आहेत. आठ गाड्यांना बैल नाहीत. त्या वर्षभर कोंबड्यांना सावली देतात आणि आखाजीच्या दिवशी देवाच्या कामाला येतात.

देवाचं काम म्हणजे बारागाड्या ओढणं. बारा गाड्या साखळीनं एकीमागं एक जोडायच्या, प्रत्येकीत मावतील तेवढी माणसं बसवायची, आणि भगतानं कंबरेला दोर बांधून त्या एकट्यानं शाळेपासून मरीआईच्या देवळापर्यंत ओढत न्यायच्या. भगत पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोन बगले त्याच्या काखेत हात घालून चालतात. ओढतो मात्र भगतच. खरं तर भगतही नाही, त्याच्या अंगात आलेली आई ओढते. नियम एकच आहे. भगतानं मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं की आई अंगातून जाते. आणि ज्या वर्षी गाड्या देवळाच्या ओट्याला टेकणार नाहीत, त्या वर्षी भगतानं कंबरेचा चामडी पट्टा सोडून दुसऱ्याला द्यायचा. आबांनी तो पट्टा एकतीस वर्षं बांधला होता. त्याआधी त्यांच्या बापानं बांधला होता.

पुना येऊन गाडीच्या दांडीवर बसला. पुना म्हणजे आबांच्या मयत भावाचा पोरगा, वय पस्तीस, उजव्या काखेतला बगला.

"आबा, औंदा पट्टा माले दी टाक."

आबांनी चाक फिरवलं. ते किंचाळलं.

"काबरं?"

"तुना गुडघा देख. काल देऊळपावत जाता जाता तीन डाव बठना तू."

"मी कोठे वढस रे. आई वढस."

"आई नही वढस," पुना म्हणाला. आवाज चढवला नाही. आज वारा नाही, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. "आम्ही लोटतस. मांगथीन चाळीस पोरे लोटतस."

आबांच्या बोटावरची चिंधी तशीच राहिली. तेल कोपरापर्यंत ओघळलं.

"दरसाल?"

"दरसाल. ज्या साले आखाजीले पाऊस पडना व्हता, त्या साले साठ जन लागनात."

"तू ते मना काखमा ऱ्हास. तुले कसं समजस?"

"मी हात वर करस. हात वर दिसना का पोरे लोटतस. औंदा मना हात वर जावाव नही. मंग देखू कोन वढस."

पारावर आठ-दहा जण बसले होते. सगळ्यांनी हे ऐकलं आणि सगळ्यांनी लिंबाच्या झाडाकडं पाहायला सुरुवात केली. पोरं ढकलतात ही गोष्ट गावात साऱ्यांना माहीत होती. शाळेतल्या बाईंना माहीत होती, शिंदखेड्याहून दर मंगळवारी येणाऱ्या भांडीवाल्यालाही माहीत होती. माहीत नसलेला एकच माणूस होता, आणि मागं बघायचं नाही असा त्याला नियमच होता.

आबा उठले. अर्धं वंगण झालेलं चाक तसंच सोडून घरी गेले. अंगणात त्यांची बायको बेबाबाई खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. आबा खाटेच्या पायाशी उभे राहिले.

"बेबा, पोरे मांगथीन लोटतस का?"

"हाव."

"तुले कधीपासून माहीत?"

"लगीन व्हयनं त्या सालेपासून. तुना बापना येळले बी लोटेत."

"मंग सांगं नही ते?"

"तू विचारं नही," बेबाबाई म्हणाली आणि पुढचा बिबडा खाटेवर पसरला.

आबा रडले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी ताटात आलं ते खाल्लं, पुढं आलं ते पाणी प्यायलं. दात काढताना डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला वाटत नाही, तसे आबा त्या आठवड्यात सगळेच्या सगळे स्वतःला परके वाटत होते. दुपारी ओसरीवर बसून ते मधूनच गुडघ्याला चिमटा काढायचे. दुखायचं, पण ते दुखणं शेजारच्या घरातून ऐकू यावं तसं यायचं. बाहेर ऊन असं पडलं होतं की रानातल्या भेगांत पाय जाईल म्हणून शेळ्या बांधावरूनच चालत. केळीची पानं कडेनं करपून कागदासारखी वाजत. गावात कुणी कुणाशी भांडायलाही घराबाहेर येत नव्हतं, त्यामुळं आबांचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. उन्हानं सगळेच तसे दिसत होते.

आखाजीच्या चार दिवस आधी प्रकाश आला. प्रकाश आबांचा थोरला पोरगा, जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर असतो. तिथं यंत्राचे बुश करतात. यंत्राचा दांडा जिथं फिरतो तिथं घालायच्या त्या जाड, गुळगुळीत नळ्या. प्रकाशनं आईकडून सगळं ऐकलं, जेवला, हात धुतला आणि बापाजवळ येऊन बसला.

"आबा, तू औंदा खरंच एकला वढशी. कोनी लोटाले नको."

आबा लिंबाकडं पाहत होते.

"चाक काबरं रडस? लोखंडवर लोखंड घासस म्हनीसन. मधमा आमना बुश बसाडी देऊत. तेल नको, वंगण नको. पोरे बी नकोत."

"नवा तवावर काही चिकटस नही, ते काळं ऱ्हास, तशे का?"

"तवावर ऱ्हास ते येगळं. तेमा फ्लोरीन ऱ्हास. आधी आम्ही बी तेनी भुकटी टाकूत, माल सरकाले पाहिजे म्हनीसन. आते परदेशवाला लेतस नही. ते सडस नही, गळस नही. पानीमा जास, रगतमा जास, आनि तठेच ऱ्हास."

"मरसच नही?"

"नही."



"मंग देवना कामले तेच बरं व्हतं. काबरं काढं?"



दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक केवलचंद शेठ स्वतः गाडीत चोवीस बुश घालून आले. खानदेशात त्यांची चौथी पिढी. धंदा आधी डाळीचा, मग चटईचा, आता बुशचा. या नव्या प्लास्टिकला गिऱ्हाईक मिळवायचं तर ते घासून, रगडून दाखवायला हवं होतं, आणि प्रकाशनं बारागाड्यांचं नाव काढताच शेठना तहानलेल्याला रसवंती दिसावी तसं झालं होतं.

"धूळ आहे, ऊन आहे, गाडीवर टनभर माणसं आहेत आणि तेलाचा थेंब नाही," शेठ ओसरीवर बसत म्हणाले. "अशी परीक्षा मला पुण्यात कोण घेऊन देणार? आबा, तुम्ही हा आपला जैन माल समजा. कांदा नाही, लसूण नाही, फ्लोरीन नाही. चव तीच."

आबांनी एक बुश हातात घेतला. पांढुरका, हाताला साबणासारखा. त्यांनी तो परत दिला.

"बसाडा. मना गुडघामा बी एक बसाडा."

शेठना ही थट्टा वाटली नाही. "बसवतात, आबा. गुडघ्यात घालतात ते याच जातीचं असतं. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांत आहे. ऐंशीव्या वर्षी रोज मंदिराच्या पायऱ्या चढते."

"मंग पट्टा तिलेच बांधा," आबा म्हणाले.

शेठ हसले. आबा हसले नाहीत.

प्रकाशनं दोन दिवसांत चोवीस चाकं उतरवली, तुंब्यातली जुनी लोखंडी नळी ठोकून काढली आणि बुश बसवले. पहिलं चाक चढवून त्यानं हातानं गरकन फिरवलं. मग तंबाखू काढली, चुना लावला, मळली, झटकली, दाढेत धरली. चाक फिरतच होतं. आणि आवाज काही नाही. पारावरची माणसं थोडी अस्वस्थ झाली. आमच्याकडं आवाज न करता चालणारी वस्तू म्हणजे साप किंवा तलाठी.

आखाजीच्या आदल्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली. शाळेपुढं उभी केलेली एक गाडी आपल्याआपण चालत निघाली आणि ग्रामपंचायतीच्या लिंबाला जाऊन टेकली. म्हाताऱ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं. आईनं बोलावणं धाडलं, असं ठरलं. प्रकाशनं बाराही गाड्यांच्या चाकांखाली दगड लावले. गाव उताराचं आहे, असं कुणी म्हणालं नाही.

आखाजीला पाच वाजता ऊन जरा तिरपं झालं. माहेरी आलेल्या लेकी नव्या लुगड्यांत, झोक्यांवरून उतरून आल्या. गाड्यांना आंब्याची पानं बांधलेली, साखळ्या अडकवलेल्या. माणसं चढली. केवलचंद शेठ शेवटच्या गाडीत वही घेऊन बसले. त्यांच्या मागं रस्त्यावर चाळीस पोरं हाताची घडी घालून उभी होती. पुनाचं सांगणं स्पष्ट होतं. हात वर दिसला नाही तर बोटही लावायचं नाही. प्रकाश पहिल्या गाडीच्या तोंडाशी, जुवाला धरून बसला. पुढं आबा. डोक्याला पागोटं, अंगाला हळद, कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोर. उजव्या काखेत पुना, डाव्या काखेत रुपसिंग. रुपसिंग सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, आबांच्याच वयाचा. तो बोलायचा कमी, आणि वीस वर्षांत त्यानं आबांना एकदाही पडू दिलं नव्हतं.

ढोल सुरू झाला. आबा वाट पाहत उभे राहिले.

दरसाल काय व्हायचं ते त्यांना पाठ होतं. दोर कंबरेला आवळायचा, वंगण असूनही ओझ्यानं बाराही गाड्या एकदम किंचाळायच्या, ती किंचाळी टाचेतून शिरून टाळूपर्यंत जायची, आणि त्यापुढचं आबांना काही कळायचं नाही. शुद्धीवर यायचे तेव्हा देऊळ समोर असायचं. यंदा चाकांखालचे दगड काढल्याचं ऐकू आलं. किंचाळी आली नाही. दोर आवळला नाही. टाचेत काही शिरलं नाही. ढोल दुसऱ्याच कुणाच्या लग्नात वाजत असल्यासारखा वाजत होता.

"आबा, चाल," रुपसिंग म्हणाला.

"गाड्या निंघन्यात का?"

"मांगे उन्यात."

आबांच्या पाठीला पहिल्या गाडीचं जू हळूच लागलं. शेळीनं मागून डोकं लावावं, तसं. आबा चालू लागले. जू पुन्हा लागलं. आबा भराभर चालू लागले. दोर त्यांच्या मागं ढिला लोंबत होता आणि मधूनच त्यांच्या पायात येत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं हात जोडत होती.

"औंदा आई जोरमा शे," कुणी म्हातारी म्हणाली.

दरसाल ग्रामपंचायत यायला पाव तास लागतो. यंदा ती आली तशी मागंही गेली. आबा आता लंगडत पळत होते. पुनानं काखेतून मागं पाहिलं. बगल्यानं पाहिलेलं चालतं. बारा गाड्या, दीडशे माणसं, काहीही आवाज न करता अंगावर येत होत्या. आणि तेव्हा पुनाला, आणि त्याच घटकेला जुवाला धरून बसलेल्या प्रकाशला, एक गोष्ट कळली, जी कुठल्याही बैलाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. बैलगाडीला ब्रेक नसतो. बैल हाच ब्रेक. इथं बैलाच्या जागी अडुसष्ट वर्षांचे भिकन आबा होते. पुढं दोनशे पावलांवर दगडी ओटा होता, आणि ओट्यापलीकडं नाला.

"आबा, बाजूले व्हय," प्रकाश जुवामागून म्हणाला.

"कसा व्हऊ? बांधेल शे मी."

पुनाला काख सोडून बाजूला उडी मारता आली असती. गाड्या ओट्यावर आदळल्या असत्या, पट्टा रिकामा झाला असता. त्यानं काख सोडली नाही. दुसरं काही सुचेना, म्हणून पोरांनी गाड्या धराव्यात यासाठी त्यानं हात वर केला.

चाळीस पोरांनी हात पाहिला. पुनादादाचं मन पालटलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी घडी सोडली, धावत येऊन शेवटच्या गाडीला खांदे लावले आणि आजवर जसं लोटत आले तसं जीव लावून लोटलं.

गाड्या उडाल्यागत सुटल्या. शेठची वही पडली. मग मात्र पुनानं काख रुपसिंगच्या भरवशावर टाकली आणि गाड्यांच्या कडेनं उलटा पळत सुटला.

"लोटू नका रे. धरा. मांगे वढा."

पोरांना हे समजायला थोडा वेळ गेला, कारण असं कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मग पुनानं स्वतः शेवटच्या गाडीच्या मागच्या लाकडाला मिठी मारली आणि टाचा रोवल्या, तेव्हा समजलं. कुणी चाकाचे आरे धरले, कुणी साखळी, कुणी पुढच्याची कंबर. चाळीस जणांच्या चपला फुफाट्यात नांगरासारख्या रुतल्या. साखळ्या मागून पुढं एकेक करत ताठ होत आल्या. अकरावी, दहावी, नववी. शेवटी पहिली गाडी आबांच्या पाठीपासून वीतभर मागं सरली, आणि लोंबणारा दोर ताणला.

आबांच्या कंबरेला ओझं लागलं. दरसालचं होतं तेच.

त्यांचे पाय मातीत बसले. आता आवाजही आला. चाकांचा नव्हता, मागं घासत येणाऱ्या चाळीस जोड चपलांचा आणि त्या ओढणाऱ्यांच्या नरड्यांचा. तो टाचेत शिरला, पण टाळूपर्यंत गेला नाही. गुडघ्याशीच थांबला. आबा शुद्धीत होते. त्यांनी छाती पुढं घातली आणि ओढलं. रुपसिंग एकटा काखेत होता, तो पाऊल पावलाशी जुळवत राहिला. एकेक पाऊल करत पहिल्या गाडीची दांडी मरीआईच्या ओट्याला टेकली. ढोल थांबला.

आणि आबांनी मागं वळून पाहिलं.

लोकांचे जोडलेले हात तसेच राहिले. धूळ खाली बसली. बारा गाड्यांच्या टोकाला चाळीस पोरं रस्त्यावर बसली होती, काही पडली होती. पुनाच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. गाड्यांमागं शाळेच्या दिशेनं चाळीस जोड फराटे गेले होते.

पुना उठून पुढं आला. आबांनी पट्ट्याला हात लावला नाही.

"पुना, मांगे कितला जन व्हतात?"

"चाळीस. मी एकेचाळीसावा."

"लोटी ऱ्हायंतात?"

"पहिले लोटं. मंग मांगे वढं."

"आनि पुढे कोन व्हतं?"

"तू."

"एकला?"

"एकला."

"एकेचाळीस जन मांगे वढतस," आबा सावकाश म्हणाले, "मी एकला पुढे वढस, आनि गाड्या देऊळले लागन्यात. मंग कोन वढं?"

काही माणसं कळसाकडं पाहू लागली, काही आंब्याच्या पानांकडं. उतार सगळ्यांच्या पायाखाली होता. खाली कुणी पाहिलं नाही.

केवलचंद शेठ वहीवरची धूळ झटकत आले. त्यांनी पहिल्या चाकाला हात लावून पाहिला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: वंगण नाही. आवाज नाही. झीज दिसत नाही. थांबण्यास त्रास.

पुढच्या वर्षाचं तिथंच ओट्यावर ठरून गेलं. बुश तसेच ठेवायचे. पोरंही चाळीसच, पण आता लोटायला नाहीत, मागं धरायला. पुनाचा हात वर म्हणजे धरा. पुनाचं काम त्यामुळं होतं तेवढंच राहिलं आणि त्याची तक्रार उरली नाही. भगतानं मागं पाहायचं नाही, हा नियमही कायम झाला. यंदा आबांनी पाहिलं ते गाड्या टेकल्यावर पाहिलं, सबब ते धरलं नाही.

दिवेलागणीला आबा घरी जेवायला बसले. ताटात खापरावरची पुरणपोळी होती, वाटीत आमरस. कंबरेवर दोराचा लाल वळ उठला होता. बेबाबाईनं त्यावर हळद दाबली, तसे आबा कळवळले. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी स्वतःला झोंबलं होतं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"बेबा, शाळापाईन देऊळपावत उतार शे का?"

"शे."

"तुले कधीपासून माहीत?"

"लगीन व्हयनं त्या सालेपासून. डोकावर हंडा लीसन जास येस, त्याले समजस."

"मंग सांगं नही ते?"

"तू विचारं नही."

आबांनी तुकडा रसात बुडवला.

"आते बी मी विचारं नही," ते म्हणाले, आणि जेवू लागले.